रामनगरातला खोटा सोमवार

मिरजेच्या फलाटावर आमचे सामान पाहून हमालाने विचारले, "पाव्हणं, वऱ्हाड मागनं येतंय काय?" वस्तुतः आम्ही तिघेच होतो: मी, माझी सून वृंदा आणि सहा वर्षांची नात मुक्ता. चिरंजीवांना रजा मिळाली नव्हती. सामान एवढे दिसत होते, कारण त्यातले निम्मे स्वयंपाकघर होते. स्टोव्ह, पातेली, झारा, करडईच्या तेलाचा डबा, दशम्यांचा डबा. मुक्ताला शेंगदाणा चालत नाही. कुटाचा चमचा तिच्या भाताला नुसता लागला, तरी तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि श्वासाला घरघर लागते. डॉक्टरांनी तिला ॲलर्जी असल्याचे सांगितले आहे. नातेवाइकांनी मात्र ते वृंदाचे फॅड असल्याचे ठरवले आहे.

मराठी घरातून दाण्याचा कूट हद्दपार करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटी पातळ झाली तर कूट. आमच्याकडची कुटाची बरणी आधी सर्वांत वरच्या फळीवर गेली आणि मग घराबाहेर. तेव्हापासून मी संध्याकाळी फिरायला म्हणून निघतो, कोपऱ्यावर भाजलेले दाणे खातो, हात धुतो, चूळ भरतो आणि सभ्यपणे घरी परततो. जे पुरुष अशा रीतीने चूळ भरून घरी जातात, त्यांच्याविषयी समाजाचा जो समज असतो, तोच आता माझ्याविषयीही झाला आहे. मी खुलासा केलेला नाही.

गाडीत बसल्याबरोबर मुक्ताचा डबा उघडला आणि डब्यातल्या सर्व वैद्यांना जाग आली. समोरच्या बाईंनी चिवडा पुढे केला. वृंदाने हात जोडून कारण सांगितले.

"दाणे बाधतात? अहो, गरिबांचे बदाम ते!" बाई म्हणाल्या.

"जंत असतील," खिडकीजवळचे गृहस्थ म्हणाले. "थोडे थोडे द्यायचे. सवय होते."

"काका, तुमच्या डोळ्यांत थोडं थोडं तिखट घातलं तर सवय होईल का?" वृंदाने अगदी शांतपणे विचारले.

गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडले. मी मात्र बाईंच्या सल्ल्यालाही मान डोलावली होती आणि गृहस्थांच्याही. कोणाचे मन दुखवू नये हा माझा स्वभाव आहे, आणि आजवर मी त्याला सद्गुण समजत आलो आहे.

लोंढ्याला उतरून बस धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची दाटी, मध्येच कापणी झालेल्या भातखाचरांचे पिवळे चौकोन, आणि आमच्या पुढे गोव्याकडे जाणारे ट्रक. त्यांची तांबडी धूळ आम्ही रामनगरापर्यंत मनोभावे प्राशन केली. रामनगर हे बाजाराचे गाव. दुकानांच्या पाट्या कानडीत, घासाघीस मराठीत आणि शिव्या, प्रसंग पाहून, दोन्ही भाषांत. येथे माझे मावसभाऊ बापू यांचे धान्याचे दुकान आहे. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत मंगळवारी होती. आम्ही रविवारी पोहोचलो.

"कधी निघालासा? पोर किती सुकलीया!" असे म्हणत बापूंच्या पत्नी सुशीलावहिनींनी मुक्ताला उचलूनच घेतले. वृंदाने स्टोव्ह बाहेर काढला, तशी वहिनींची मुद्रा बदलली. वृंदाने सारे समजावून सांगितले.

"व्हय बाई, तुमच्या दाण्याबिगर वेगळं करूया की," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ऐकू आले, "आमच्या घरचं खाऊन अजून कोण मेलं न्हाई."

सोमवारी सकाळी वहिनी सोडून घरच्या बाकीच्या बायका देवीची ओटी भरायला निघाल्या आणि त्यांनी वृंदालाही बरोबर घेतले. निघताना ती मला म्हणाली, "आबा, तिला डब्यातलंच द्या. कुणी काही पुढं केलं तर स्पष्ट नाही म्हणा." मी होकार दिला. 'स्पष्ट' या शब्दाचा मी जरा अधिक गांभीर्याने विचार करायला हवा होता.

डबा उघडणार तोच वहिनी पोह्यांची ताटली घेऊन आल्या. पोह्यांवर दाणे मोत्यांसारखे पेरलेले होते. मागोमाग शेजारच्या तीन-चार बायकाही आल्या.

"आजच्या दिवस तरी खाऊ दे की, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"आमचं पोहं शहरच्या पोरीला कसं चालंल गं?" एकीने टोमणा मारला.

"वरनं सोन्याचा वर्ख लावा, मंग चालंल," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. शेजारणींसमोर त्यांची ताटली हातातच राहिली होती, आणि ते मला पाहवेना.

"तसं नाही, वहिनी," मी म्हणालो. "आज तिचा सोमवार आहे."

हे वाक्य मला कोठून सुचले, कोण जाणे. पण त्याचा परिणाम डॉक्टरांच्या चिठ्ठीचाही आजवर कधी झाला नव्हता असा झाला. टोमणे मारणारीने पदर डोक्यावर घेतला.

"अगं बाई! एवढ्याशा जिवानं सोमवार धरलाय!"

"नवसाचा असणार. व्हय ओ, अण्णा?"

मी 'हूं' आणि 'हं' यांच्या मधला एक आवाज काढला. बघता बघता ओसरी भरली. कोणी मुक्ताची अलाबला घेतली, कोणी स्वतःचे हट्टी नातवंड आणून तिच्यापुढे उभे केले आणि "बघ, शीक जरा," म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घातला. जिला पथ्य पाळू देणे कोणाला मान्य नव्हते, तिला व्रत पाळताना पाहून गल्लीचा ऊर भरून आला होता.

"आबा, माझा सोमवार म्हणजे काय?" मुक्ताने माझ्या कानात विचारले.

"म्हणजे थोडा वेळ गप्प बसायचं."

"आणि दशमी?"

तेव्हा मला कळले, की मी स्वतःच्या हाताने डब्याला कुलूप घातले आहे. उपवासाला गव्हाची दशमी कशी चालणार? आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज येऊ लागला.

तो आवाज न ओळखणारा मराठी मनुष्य विरळा. वहिनी व्रतस्थ बालिकेसाठी साबुदाण्याची खिचडी करीत होत्या. मी उठून दारापाशी गेलो.

"वहिनी, दाणे नकोत हं," मी म्हणालो.

"असं काय करतासा, भावजी? उपासाला दाणं चालतात की. एरवीचं बाधत असतील. देवाचं खाणं बाधतंय व्हय कुणाला?"

येथे 'स्पष्ट' बोलायचे होते. वाचकहो, मी म्हणालो, "हो, तेही खरंच."

त्यांनी काही चूक केली असे मला म्हणता येत नाही. व्रत म्हटले की उपवास, उपवास म्हटला की खिचडी, आणि खिचडी म्हटली की कूट, ही साखळी त्यांनी निर्माण केलेली नाही. तिची पहिली कडी तर मीच घडवली होती. मी मनात ठरवले, की ताटली येईल तेव्हा काही युक्ती करू. मांजर सोडू, पाणी सांडू. सत्य सोडून सर्व उपाय मला सुचत होते.

पण ताटली आली ती वहिनींच्या हातात, आणि पहिला घास त्यांनीच उचलला. "सोमवारवालीला माझ्या हातचा घास," त्या प्रेमाने म्हणाल्या. मुक्ताने घासाचा वास घेतला. तिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. "आबा, यात दाणे आहेत?"

सारी ओसरी माझ्याकडे बघत होती. "वहिनी, जरा..." असे मी पुटपुटलो आणि वहिनींना वाईट वाटू नये म्हणून हसलो. मुक्ताला ते हसू दिसले, पुटपुटणे ऐकू आले नाही. तिने तोंड उघडले.

एकच घास. तो तिने अर्धा थुंकलाही. थोड्याच वेळात तिचा वरचा ओठ सुजला, गालावर गांधी आल्या आणि ती छाती धरून खोकू लागली. तेव्हा मात्र मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी पूर्वी कधी ओरडल्याचे मला स्मरत नाही. त्या आवाजाचा चौथा हिस्सा स्वयंपाकघराच्या दारात खर्च केला असता, तर पुरला असता.

बापूंनी दुकानासमोर पोती उतरवत असलेला ट्रक तसाच वळवायला लावला. वहिनी अनवाणी चढल्या. मुक्ता त्यांच्या मांडीवर होती. बाजारातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, इंजेक्शन भरले आणि विचारले, "काय खाल्लं?"

"उपासाचंच, डॉक्टरसाहेब!" वहिनी रडत म्हणाल्या. "दुसरं काय बी न्हाई. सोमवार हाय तिचा!"

"सोमवार न्हवं. खाल्लं काय ते सांगा."

"दाणे," मी म्हणालो. "शेंगदाणे. ते तिला चालत नाहीत, हे मला माहीत होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिले आणि सुई टोचली. हळूहळू तिच्या छातीतली घरघर कमी होत गेली. वृंदा देवळातून धावत आली, तेव्हा तिच्या पदरात ओटीचे तांदूळ तसेच होते. तिने डॉक्टरांना सगळे विचारले. मला काहीच विचारले नाही.

दुपारी, मुक्ता झोपल्यावर, मी ओसरीवर सर्वांसमोर सांगितले, की सोमवार वगैरे काही नव्हता. मी खोटे बोललो.

"म्हंजे नवस न्हाईच?" बापूंनी विचारले.

"नाही."

बापूंनी सुपारीचे खांड तोंडातून काढून हातात घेतले. "मंग देव कोपणारच की! खोटा सोमवार सांगिटलास तू, आणि शिक्षा पोरीला!"

गल्लीला हा निर्णय ताबडतोब पटला. दाण्यांवर कोणी बोटही ठेवले नाही. दाणे निर्दोष सुटले. वहिनी मात्र कोपऱ्यात स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या होत्या. "ह्या हातानं घास दिला मी," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. वृंदाने जाऊन तो हात धरला. माझ्या वाट्याला त्या दिवशी कोणाचा हात आला नाही, आणि ते योग्यच होते.

वास्तुशांतीचे जेवण वहिनींनी कुटाशिवाय करवले. पंगतीत कुरकुर झाली. "आमटी काय आजारी हाय व्हय?" एकाने विचारले. वहिनींनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने आणखी दोनदा आमटी घेतली.

बुधवारी बापूंनी आम्हाला जीपने अणशीला नेले. झाडांतून ऊन नाण्यांसारखे खाली पडत होते. एका वळणावर काळतोंडी माकडे रस्ता अडवून बसली होती आणि मुक्ता मोठ्याने हसली. बापूंच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात आम्ही थांबलो. बातमी आमच्या आधीच पोहोचली होती. घरातल्या म्हातारीने विचारले, "हीच व्हय ती, देवानं दाणं वर्ज्य केल्याली?" तिने मुडली (इथला एक कंद) नुसती मिठात उकडून दिली. कशात शिजवली, त्या भांड्यात आधी काय होते, हे वृंदाने विचारून घेतले आणि मुक्ताने पोटभर खाल्ली.

मला राहवेना. "आजी, यात देवाचं काही नाही. ह्याला ॲलर्जी म्हणतात."

"तेच की," म्हातारी म्हणाली. "तुमच्याकडं त्याला अलर्जी म्हणतात."

माझ्या सत्यापेक्षा तिचा गैरसमज माझ्या नातीसाठी अधिक सुरक्षित होता. सत्य वेळेवर न बोलल्यास त्याची किंमत काय राहते, हे मी त्या अंगणात पाहिले.

परतताना लोंढ्याच्या फलाटावर मी केळी घेतली. केळ्यात काय असणार? सालीसकट, देवाने बांधून दिलेला डबा. मी एक सोलून मुक्ताच्या हातात दिले. मुक्ताने केळे घेतले, "थँक्यू आबा," म्हणाली आणि तोंडाला न लावता फलाटाच्या त्या टोकाला, बॅगा मोजत उभ्या असलेल्या आईकडे चालत गेली.

"आई," मला ऐकू आले, "हे आबांनी दिलंय. खाऊ का?"

वृंदाने केळे हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि मग मान हलवून होय म्हटले.