आमच्या गोठ्यातल्या लाथा आणि धडका

गोठ्यात काम करणाऱ्याला 'कुठं लागलं?' विचारलं, की तो आधी जनावराचं नाव सांगतो. मग गोष्ट सुरू होते. चाकणजवळच्या आमच्या गोठ्यातलं दूध मी टेम्पोतून चिंचवड-रावेतला पोचवतो. जाताना कुणाला लागलेलं असेल तर त्यालाही दवाखान्यात सोडतो. दूध रोज संपतं, किस्से मात्र साठत जातात.

*

आमचा संतोष लातूरकडचा. एकदा तारा गायीनं त्याला शिंगानं ढकलून गव्हाणीवर पाडलं. मनगट सुजलं. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "काय झालं?"

"धडक बसली."

"गाडीचा नंबर?"

संतोषनं जरा विचार केला. "नंबर हाय मॅडम, पण तिच्या कानात हाय. पिवळा बिल्ला."

*

दगडूभाऊ गोठ्यात सगळ्यात जुने. त्यांच्या पोरानं कंपनीतले लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज आणून दिले होते. भाऊ मात्र चपलेवरच वावरायचे. शेवटी एका जर्सी गायीनं पायावर पाय दिला आणि अंगठा मोडला.

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "बाबा, सेफ्टी शूज नाहीत का?"

"हायेत की. घरी सेफ ठेवल्यात."

*

लाथा थांबाव्यात म्हणून मालकांनी धार काढायचं मशीन बघायला मागवलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सेल्समन आला. म्हणाला, "आता माणसाला जनावराचा त्रास नाही, जनावराला माणसाचा नाही." आणि मशीन जोडायला वाकला. गायीनं मांडीवर अशी लाथ दिली, की गडी थेट शेणात बसला.

आमच्याकडं धार काढणाऱ्या शांताबाईंनी त्याला हात देऊन उठवलं. "मशीन ब्येस हाय रं लेकरा. पर जोडायला माणूसच लागतो व्हय?"

*

ह्याच शांताबाईंचा एकदा जीव जाता जाता वाचला. बाहेर फटाका वाजला, म्हैस बिचकली आणि शांताबाई तिच्या अंगाखाली भिंतीला चेपल्या. संतोष काठी घेऊन धावला. शांताबाई कशाबशा बोलल्या, "मारू नगं. पेंड दाव."

संतोषनं काठी टाकली, पेंडीची बादली वाजवली. म्हैस त्याच्याकडं वळली आणि शांताबाई खाली बसल्या. बरगडीला तडा गेला होता. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं.

*

शांताबाई घरी, आणि ती म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हवेना. पेंड दिली, गूळ दिला, चुचकारलं. थेंब नाही. शेवटी संतोष शांताबाईंच्या घरून त्यांचं वापरातलं लुगडं घेऊन आला, ते नेसला, डोक्यावर पदर घेतला आणि खाली बसला. म्हशीनं हुंगलं, आणि पान्हा सोडला.

तेवढ्यात शांताबाईंचे यजमान रामभाऊ आले. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात गोठ्यात उजेड कमी. बायको आतल्या खोलीत पडली होती, ती दिसली नाही म्हणून शोधत आलेले. दारातूनच ओरडले, "डागदरनं पडून ऱ्हा म्हणून सांगितलंय ना? ऊठ, घरी चल!"

म्हैस कान टवकारून बघायला लागली. संतोषनं मान वळवली नाही. पदर पुढं ओढला आणि बारीक आवाजात म्हणाला,

"आले की. एवढी धार हुंद्या."