तिसऱ्या शेंगेतला पिवळा धागा: सोलापूर ते कोलंबो

सिलोनला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की तिथं भाकरी मिळते का. मिळत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्यापैकी कुणी निघणार असेल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पंधरा दिवस पुरेल इतकी बांधून घ्या. मी पाच दिवसांची घेतली आणि पुढं नारळावर जगलो. त्या तेलातली भाजी खाताना मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जाण्याचं कारण यल्लप्पा. सोलापुरात माझ्या शेजारी राहणारा हातमागवाला, मूळचा तेलंगणाकडचा. त्याच्या लुगड्याला एक खास काठ असे: लाल बाभळीच्या शेंगांची रांग, एकीपाठोपाठ एक. दुसऱ्या कुणाच्या मागावर तो काठ नव्हता. सिलोनच्या चहाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या बायकांत ही लुगडी चांगली खपत. मग कोलंबोच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. एका परदेशी गिरणीनं हाच काठ काढलाय आणि तिथल्या कचेरीत स्वतःच्या नावावर नोंदवायला अर्जही टाकलाय. तो मंजूर झाला की यल्लप्पाचंच लुगडं नकली ठरणार आणि बंदरातच अडकणार. महिना संपायच्या आत कुणीतरी नमुना घेऊन या आणि काठ मूळचा आपला आहे हे दाखवा, असं त्यानं लिहिलं होतं. मी इंग्रजी अर्ज लिहून पोट भरणारा माणूस, पेठेत सगळे मास्तर म्हणतात. दुसरं कोण जाणार?

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. यल्लप्पाच्या घरात अशी रीत, की प्रत्येक लुगड्यात एक धागा चुकीचा पडलाच पाहिजे. बिनचुकीच्या लुगड्याला दृष्ट लागते आणि ते घरातलं माणूस मागतं म्हणे. पण ही चूक विणणाऱ्यानं स्वतः करायची नाही. त्याच्या मागं बसून सूत भरलेल्या कांड्या हातात देणारी बायको एकदाच, न सांगता, लालऐवजी पिवळी कांडी देई. यल्लप्पा न बघता हात मागं करायचा आणि मिळेल ती कांडी धोट्यात घालून विणायचा. त्याची बायको नरसम्मा ही चूक कायम एकाच जागी करी, पदराकडून तिसऱ्या शेंगेत. नरसम्मा वारली त्याला वर्ष झालं होतं. तिला पोचवायला मीही गेलो होतो.

नमुन्याचं लुगडं यल्लप्पानं एकट्यानं विणलं. कांड्यांची टोपली मागं, होती त्याच जागी, आणि तिथं कुणी नाही. शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरांनी काठाचा नकाशा काढून दिला, साफ, सगळ्या शेंगा लाल. नमुना आणि नकाशा तंतोतंत जुळला पाहिजे हे मला ठाऊक होतं, म्हणून यात चूक नाही याचं मला बरंच वाटलं.

यल्लप्पाला वाटलं नाही. "तुमी हुशार हाय, मास्तर," तो म्हणाला, "पर असलं बिनचुकीचं कापड घरातनं बाहेर काढायला मला भ्या वाटतंय."

मी त्याला वेड्यात काढलं. भर दुपारी गच्चीवर, उन्हात, आम्ही दोघांनी ते लुगडं वीत वीत करून दोनदा पाहिलं. एकही धागा चुकीचा नव्हता. मग मी ते कापडात शिवलं आणि माझ्या पितळी शिक्क्यानं लाखेच्या तीन मोहरा मारल्या.

सोलापूरहून मद्रास मेल पकडा, थर्ड क्लासला गर्दी असते पण जागा होते. रायचूरपर्यंत उकाड्यानं जीव जातो. गुंटकलला कॉफी प्या, चहा मागू नका. मद्रासला स्टेशन बदलावं लागतं आणि टांगेवाला तोंडाला येईल ते भाडं मागतो. मी निम्मं सांगून चालायला लागलो तसा तो मागून आला. तिथून धनुष्कोडीची गाडी. मंडपमला डॉक्टर सगळ्यांना तपासतात, तेव्हा टोचून घेतल्याचा दाखला जवळ असू द्या, नाहीतर छावणीत अडकून पडाल. पुढं पांबनचा पूल. दोन्ही बाजूंना समुद्र आणि गाडी गोगलगाईसारखी. सगळे खिडकीला चिकटले होते, मी मात्र पुडकं मांडीवर घट्ट धरून बसलो. समुद्राची भीती वाटते हे कबूल करायला मला लाज नाही.

धनुष्कोडीहून आगबोट. दोन-एक तासांत पलीकडं तलैमन्नार. फलाटावर मळ्यांवर निघालेल्या बायका बोचक्यांवर बसल्या होत्या, आणि त्यातली एक माझ्याकडं पाठ करून. पाठीवर पदर, त्याला शेंगांचा काठ. मी सहज मोजलं. एक लाल, दोन लाल, तिसरीत पिवळा धागा. तिच्या शेजारणीच्या पदराकडं बघितलं, तिथंही तेच. ही आमची जुनी लुगडी असतील असं मी स्वतःला समजावलं.

ती आमची नव्हती. कोलंबोच्या व्यापाऱ्यानं दुकानात गिरणीचा माल दाखवला. छतापर्यंत थप्पी, आणि प्रत्येक लुगड्यात तिसऱ्या शेंगेत पिवळा धागा. गिरणीवाल्यांनी नरसम्माच्या हातचं कुठलं तरी लुगडं समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं होतं, चूक हा नक्षीचाच भाग समजून. मला हसू यायला हवं होतं. पण गेलेल्या बाईच्या हाताची खूण थप्पीच्या थप्पी रचलेली पाहून मला तिथं उभं राहवेना. बरं, पुरावा म्हणून तरी काय उपयोग? माझ्या पुडक्यातला नमुना तर साफ होता. मीच हौसेनं साफ ठेवला होता. यल्लप्पाचा काठ माझ्या शहाणपणामुळं जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेलो. साहेब वयस्कर, शांत. गिरणीचं लुगडं त्यानं टेबलावर आधीच पसरलं होतं. त्यानं माझ्या तिन्ही मोहरा भिंगातून पाहिल्या, शाबूत आहेत म्हणाला, आणि चाकूनं फोडल्या. शेजारी माझा नकाशा मांडला. मग तो बराच वेळ काठावर बोट फिरवत राहिला.

"तुमचा नकाशा चुकलाय," तो इंग्रजीत म्हणाला.

मी वाकून पाहिलं. तिसऱ्या शेंगेत पिवळा धागा होता.

मी खुर्चीचा हात धरला. साहेबानं पाणी मागवलं, गरमीनं होतं असं म्हणाला. मग त्यानं विचारलं, की हा एकच धागा असा का? मी नरसम्माची रीत सांगितली, जमेल तशा इंग्रजीत. त्यानं गिरणीच्या लोकांनाही हाच प्रश्न विचारला होता म्हणे, आणि त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. ज्याला आपली चूक कुठून आली ते सांगता येतं, काठ त्याचा, असं म्हणून त्यानं नवा नकाशा काढून घेतला, पिवळ्या धाग्यासकट. अर्जावर काठ कुणी रचला ते लिहायचं होतं. मी यल्लप्पा आणि नरसम्मा दोघांची नावं लिहिली. बाई सोलापुरातच असतात का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही.

परतीची वाट तीच, फक्त पुडकं मी मांडीवर घेतलं नाही, फळीवर ठेवलं. स्टेशनावरनं थेट यल्लप्पाकडं गेलो. माझा डोळा चुकला असेल, उन्हानं दिपलो असेन, असं मी दहादा बोलून दाखवलं.

"त्ये लुगडं इनताना मी सवयीनं हात मागं केला, मास्तर," तो शेवटी म्हणाला. "कांडी आली. मी घेतली. मागं बगितलं न्हाई."

काही महिन्यांनी कोलंबोहून नोंदणीचा कागद आला. काठ आमचा ठरला. सोबत नकाशा, तिसऱ्या शेंगेत पिवळी रेघ. म्हणजे आता प्रत्येक लुगड्यात तो धागा हवाच, नाहीतर ते नोंदवलेलं लुगडं नव्हे. मी हे समजावून सांगितलं आणि म्हणालो, पिवळी कांडी आता तुलाच घालावी लागणार. विणणाऱ्यानं ती घालायची नसते, एवढंच तो बोलला आणि मागावर बसला.

मी समोर ओट्यावर बसलो होतो. एक शेंग झाली. दुसरी झाली. तो थांबला, आणि न बघता हात मागं केला. टोपली त्याच्या हातापासून चांगली दोन हात लांब होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मान फिरवून रस्त्याकडं बघत राहिलो. जरा वेळानं माग पुन्हा खडखडायला लागला.

सिलोनहून मी आणलेला नारळाचा वास ट्रंकेतून गेला, तिथली चव विसरलो. यल्लप्पाकडं मात्र अजून रोज जातो. सुपारी खातो, गप्पा मारतो. तिसरी शेंग आली की रस्त्याकडं बघतो.