सरांच्या यादीतलं शेवटचं नाव

साळवेसर गेल्याची बातमी मला कंपनीच्या बसमध्ये मिळाली. सकाळची पाळी संपवून हिंजवडीहून निघाले होते आणि पाऊण तास झाला तरी बस वाकडच्या अलीकडेच उभी होती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीचा मेसेज आला, ‘शांतवन साळवेसर प्रभूकडे गेले. दफनविधी आज चार वाजता.’ तेव्हा सव्वातीन वाजले होते. ड्रायव्हरच्या मागे लागून दार उघडायला लावलं, गाड्यांमधून वाट काढत मैलभर चालले, रिक्षावाल्याच्या हातापाया पडले... आणि पोचले तेव्हा माणसं मूठमाती देऊन परत निघाली होती. ओल्या मातीवर चार झेंडूचे हार होते आणि फावडं घेतलेला माणूस मला म्हणाला, “ताई, झालं सगळं.” सरांना शेवटचं तोंड दाखवायलाही मी उशिरा आले. खरं तर त्यांना तोंड दाखवायची माझी लायकी चार महिन्यांपूर्वीच संपली होती, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. ते एका सरकारी कारखान्यात टंकलेखक होते, पण रविवारी चर्चमध्ये आम्हा मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलचा वर्ग, घ्यायचे म्हणून सगळ्यांचे सर. आमचं चर्च जुन्या अँग्लिकन वळणाचं, दगडी, इंग्रजांनी बांधलेलं. उपासना मात्र पहिल्यापासून मराठीत. जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांच्या बातम्यांचं एक पातळ पत्रक लंडनहून विमानटपालाने यायचं, निघाल्यापासून महिना-दीड महिन्याने. सर त्याचं मराठी करायचे, स्टेन्सिल कापून त्याच्या प्रती काढायचे आणि उपासनेनंतर दारात उभे राहून वाटायचे. कुठल्या बेटावर वादळात चर्च उडालेलं असायचं, कुठे बिशप अंथरुणाला खिळलेले असायचे, तर कुठे धर्मशिक्षकाला बंडखोरांनी उचलून नेलेलं असायचं. अशी सगळी नावं सर एका लांबोळक्या वहीत उतरवायचे. नाव, ठिकाण, कशासाठी प्रार्थना, असे तीन रकाने. ती यादी दर रविवारी ते स्वतः वाचायचे आणि प्रत्येक नावानंतर आम्ही सगळे म्हणायचो, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” पोरंटोरं भुकेने कासावीस झालेली असायची, पण सर एक नाव गाळतील तर शपथ.

मी दहाएक वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, “सर, दीड महिन्यात तो माणूस बरासुद्धा झाला असेल. मग आता प्रार्थना कशाला करायची?”

“देव काय टपालखात्याच्या भरवशावर बसलाय का गं? उशिरा पोचलं तरी चालतं.”

त्यांचा नियम एकच होता. बातमी आल्याशिवाय नाव काढायचं नाही. बरा झाला, सुटला, गेला... काहीही असो, पण कळलं पाहिजे. कळलं की लाकडी पट्टी लावून लाल शाईने सरळ रेघ मारायची. पूर्व आफ्रिकेतल्या त्या पळवून नेलेल्या धर्मशिक्षकाचं नाव सरांनी सहा वर्षं वाचलं. तो जिवंत परतल्याची बातमी आली त्या रविवारी त्यांनी अख्ख्या मंडळीला पेढे वाटले. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसासाठी पेढे वाटणारा पुणेकर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे बघता बघता दिवस पालटले. पत्रक बंद होऊन बातम्या ई-मेलने येऊ लागल्या. मी तोवर सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीला लागले होते. ऑफिसात त्या बातम्या छापायच्या आणि शनिवारी स्वारगेटच्या पलीकडे सरांच्या दोन खोल्यांच्या घरी नेऊन द्यायच्या, हे माझं काम झालं. शालिनीमावशी, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा टाकायच्या. सर कागद चाळत म्हणायचे, “या इंजिनिअरबाई. जगात आज काय काय कोसळलं?” त्यांचा एकुलता एक मुलगा राजूदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. दोन हजार साल उजाडलं की सगळे संगणक बिघडणार अशी हाकाटी झाली होती, तेव्हा तोही इतरांसारखा अमेरिकेला गेला होता. तिकडेच रमला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. “कसा आहे राजूदादा?” विचारलं की सर म्हणायचे, “आहे.” एवढंच. मावशी स्वयंपाकघरात जायच्या. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. माणसाला दिसत कसं नाही, हे मी आता रोज स्वतःला विचारते.

गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये इंग्रजी उपासना सुरू झाली. आयटीतली, बाहेरगावची तरुण मुलं येऊ लागली आणि साडेनऊला आम्ही जागा रिकामी करायची असं ठरलं. कमिटीत विषय निघाला की सरांची यादी फार वेळ खाते. नावं पडद्यावर दाखवू, थोडी कमी करू. काम आलं माझ्याकडे, आणि मीही मोठ्या हौसेने घेतलं. सरांनी वही दिली. “सांभाळून,” म्हणाले, “यातलं काही हरवायचं नाही.” मी चौऱ्याहत्तर नावं संगणकावर चढवली आणि ऑफिसात करते तेच केलं. जुन्या नोंदी वेगळ्या काढल्या, ज्यांचा एखादा रकाना रिकामा त्या अपुऱ्या ठरवल्या, उडवल्या. शेवटी नुसतं लिहिलं होतं, ‘एलिया. ठिकाण अज्ञात.’ हे नाव मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. यादीतलं शेवटचं, ते वाचून सर खाली बसायचे. असेल कुठल्या तरी बेटावरचा पाद्री, असं मला वाटायचं. ठिकाण नाही, कारण नाही. मी ते उडवलं. बारा नावं उरली. सुटसुटीत, छान दिसत होती.

त्या रविवारी एका मुलाने पडद्यावरची नावं वाचली. तीन मिनिटांत आटोपलं. सगळे खाली बसले, सर मात्र उभेच होते. बाकाची कड धरून पडद्याकडे बघत होते, जणू अजून एक पान यायचं राहिलंय. मावशींनी बाही ओढली तेव्हा बसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, “बातमी आली होती का?”

“नाही सर, पण त्या नोंदी अपुऱ्या होत्या. कित्येक वर्षांत काही अपडेटच नाही.”

“हं,” सर म्हणाले. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात, “छान केलंत. वेळ वाचला.”

आणि मी हसले. सरांची खवचट दाद म्हणून हसले... ते हसू आठवलं की मला जेवण जात नाही. त्यानंतर सर मागच्या बाकावर बसू लागले. शनिवारी मी कागद घेऊन गेले की ‘ठेव तिथे’ म्हणायचे, उघडतही नसत. वयामुळे असेल, असं मी समजत होते. चार महिन्यांनी ते गेले.

तीन आठवड्यांनी मावशींना भेटायला गेले. वही टेबलावरच होती, वर लाकडी पट्टी. मी उगाच पानं उलटली आणि काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, “मावशी, हा एलिया कोण हो?”

त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं. “आमचा राजू,” म्हणाल्या. “बाप्तिस्म्याचं नाव आहे ते त्याचं. तुला माहीत नव्हतं?”

मग त्यांनी सांगितलं. तिकडची नोकरी सुटल्यावर राजूदादाचा फोन आला होता. फोन सरांनी घेतला. लेक म्हणाला, “बाबा, मला काढून टाकलं.” आणि सर म्हणाले, “बरं झालं. आता पत्र लिहायला तरी वेळ मिळेल.” त्यांना धीरच द्यायचा होता, मावशी म्हणाल्या, पण त्यांना बोलणं तेवढ्या एकाच कोरड्या सुरात येत होतं. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. जुना पत्ता बदललेला, कंपनी बंद झालेली. लोक विचारतील म्हणून सरांनी घरचं नाव लिहिलं नाही. पण रविवारी दीडशे माणसं त्यांच्या मुलासाठी ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक’ म्हणत होती. “तेवढ्यावर उभे होते गं ते,” मावशी म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. रडून काय होणार होतं? सरांच्या हयातीतल्या शेवटच्या सोळा रविवारी त्यांच्या मुलाचं नाव कोणी घेतलं नाही, आणि ते माझ्या एका बोटाने झालं. आता पूर्ण यादी पुन्हा मी वाचते, वहीतून. साडेनऊला बाहेर खोळंबलेली मुलं घड्याळाकडे बघतात, बघू देत. शेवटचं नाव वाचूनच मी खाली बसते. रोज संगणकासमोर बसून मी राजूदादाला शोधते. त्याच्या नावाची शेकडो माणसं सापडतात, त्यातल्या कितीतरी जणांना लिहिलं. तो सापडत नाही. बाप गेल्याचं त्याला ठाऊक नाही आणि कळवायला ठिकाण नाही. तो आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही.

वर्तमानपत्राची ही पुरवणी आता इंटरनेटवरही दिसते, म्हणून हे लिहिलं. राजूदादा, सर गेले. तुझ्या नावावर रेघ मारलेली नाही. वही अजून त्याच टेबलावर असते, पट्टी मावशींनी कपाटात ठेवून दिली आहे. त्यांना आता नीटसं दिसत नाही, पण पोस्टमनची वेळ झाली की त्या दार उघडून बसतात. एक ओळ लिही. दीड महिना उशिरा पोचली तरी चालेल.