बेलापूरच्या भिंतीवरची चूल

एसटीने सातारा सोडलं तेव्हा माझ्याकडे एक निरोप होता. माझे दीर सुभाषभाऊजी कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला. इतके दिवस एकटे राहत, पण यंदा बायकोलाही घेऊन गेले. वेगळी चूल मांडली, हे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फार लागलं. "धाकटीला परत घेऊन ये," एवढंच त्या म्हणाल्या.

लोणावळ्याला चिक्की खाल्ली आणि दाढेचा तुकडा निघाला. कळंबोलीच्या नाक्यावर उतरले ती गाल धरूनच. दुतर्फा ट्रक, त्यांवर लांबच लांब सळया. जाऊ शालन हसत सामोरी आली, पण माझ्याने बोलवेना.

सकाळी भाऊजींनी मला बेलापूरला एका म्हाताऱ्या चिनी दंतवैद्याकडे नेलं. कलकत्त्यात जन्मलेले, मुंबईत मुरलेले गृहस्थ. हात हलका होता. गाल बधिर होईपर्यंत मी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत बसले. आत एकच काळंभोर, दाट अक्षर होतं: 爨. मी विचारलं तसे ते खूश झाले. 'त्स्वान' (चूल, आणि रांधणंही). जुन्या पोथ्यांतलं, आता क्वचितच कोणी लिहितं, म्हणाले. मग बोटाने दाखवू लागले.

"वर दोन हात, भांडं धरलेले. मधे चुलीचं तोंड. खाली लाकडं, परत दोन हात, ते लाकडं आत सारतात. एकदम खाली आग."

त्यांच्याकडे भाऊ वेगळे झाले की 'फन-त्स्वान' (चुली वाटणं) म्हणत. मी चमकले. आपल्यासारखंच की! मग भांडण व्हायचं का, असं विचारलं.

"व्हायचं पण. मात्र हे माझ्या मोठ्या काकाने लिहिलं. बाबा वेगळे झाले तेव्हा, त्यांच्या नव्या घरासाठी."

दुपारी शालनने माझ्यासाठी मऊ भात आणि पातळ पिठलं केलं. चार हात लांबीचं स्वयंपाकघर, खिडकीतून ट्रकतळ, पलीकडे डोंगर. तिने पाठमोरीच विचारलं, "अक्का, आत्याबाईंचा काही निरोप?"

"आधी जेवू," मी म्हणाले. जेवण झाल्यावरही तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. दोन दिवस आम्ही तिथे मिळून रांधलं. साताऱ्यात एका घरात राहून इतक्या गप्पा कधी झाल्या नव्हत्या.

परत आले तेव्हा आत्याबाई दारातच होत्या. शालन आली नाही, दिवाळीला दोघं येतील, असं सांगितलं. मग घर कसं आहे, खिडकी कुठे आहे, पिठलं कसं झालं होतं, तेही सांगत गेले. तशा त्या उठल्या, माळ्यावरून बिडाचा जुना तवा काढला आणि राखेने घासायला बसल्या.

"पातळ तव्यावर भाकरी करपते," म्हणाल्या, "तिला कुठून मिळणार तिकडे चांगला?"