स्कोअर सोडून सगळं

आमच्या क्लबच्या लेटरहेडवर ‘व्यावसायिक फुटबॉल क्लब’ असं छापलेलं आहे आणि ते अगदीच खोटं नाही. गोलरक्षकाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, स्ट्रायकरचं सलून आहे, मधल्या फळीत एक रसवंतीवाला आणि एक विमा एजंट आहे. प्रत्येकाला व्यवसाय आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या संघांची एक लीग दर हिवाळ्यात होते. तिच्यात एक वरचा गट आणि एक खालचा. वरच्या गटात जो शेवटचा येईल तो पुढच्या वर्षी खाली. ज्या हंगामाची ही गोष्ट आहे त्या हंगामात आमचा संघ पहिल्या रविवारपासूनच खाली जायची तयारी करत होता, आणि मी त्याचं माइकवरून कौतुक करत होतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पण गावात मला शिक्षक म्हणून कमी आणि सूत्रसंचालक म्हणून जास्त ओळखतात. निरोप समारंभ, साखरपुडे, डोहाळजेवणं, शोकसभा, उद्घाटनं, सगळीकडे माइक माझ्याच हातात. देवणीच्या जनावरांच्या प्रदर्शनात मी वळूंचीसुद्धा ओळख करून दिली आहे आणि एका वळूच्या मालकाला ती ऐकून रडू आलेलं आहे. वीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला एक खोड लागते. त्याला कोणाबद्दल वाईट बोलताच येत नाही. दोन तास उशिरा आलेला पाहुणा ‘आपल्या व्यस्त वेळातून वेळ काढून’ आलेला असतो, आणि ज्याच्या भाषणात अर्धा मंडप झोपला त्याचं भाषण ‘अभ्यासपूर्ण’ असतं. शोकसभेत तर मी असे असे गुण सांगितले आहेत की मयताच्या बायकोने चमकून फोटोकडे पाहिलं.

म्हणून क्लबच्या सेक्रेटरीने, जो मंडपवाला आहे, मला समालोचनाला बोलावलं. आपले दोन कर्णे त्याने मैदानाशेजारच्या पाण्याच्या टाकीवर बांधले. मैदानावर प्रेक्षक वीसेक, आणि त्यांत शेळ्या धरलेल्या. एवढ्यांसाठी कर्णे लावणं त्याला पटेना. मग त्याने दोन्ही कर्ण्यांची तोंडं गावाकडे फिरवली. मंडपाची जाहिरात तरी होईल, हा हिशोब. त्यामुळे मॅच आम्ही वीस जण बघायचो आणि ऐकायचं अख्खं गाव.

पहिल्या मॅचला नायगावच्या संघाने आम्हाला पाच गोल मारले. मी काय बोललो ते मला चांगलं आठवतं. “आपल्या गोलरक्षकाने पुन्हा एकदा हवेत झेप घेतलेली आहे! काय ती झेप, काय ती जिद्द!” झेप खरंच घेतली होती. चेंडू दुसऱ्या बाजूने गेला होता, एवढंच. चौथ्या गोलला मी म्हणालो, “नायगावच्या पाहुण्यांचंही आपण मोठ्या मनाने स्वागत करतो आहोत.” स्कोअर मात्र माझ्या तोंडून एकदाही आला नाही. म्हणजे मी मुद्दाम लपवला असं नव्हे. स्कोअर सांगणं मला शिष्टाचाराला धरून वाटेना. घरी आल्यावर बायकोने विचारलं, किती-किती झाले? ती गणिताची शिक्षिका आहे. मी म्हटलं, मुलं फार जिद्दीने खेळली. ती म्हणाली, म्हणजे पाच तरी बसले असतील. त्या बाईसमोर माझं सूत्रसंचालन कधी चाललेलं नाही.

आता कोणी म्हणेल, हल्ली सगळ्यांच्या हातात मोबाइल, गावाला स्कोअर कळला कसा नाही? कळायला आधी विचारावा लागतो. आमच्याकडे विचारतात ते क्रिकेटचा आणि सोयाबीनच्या भावाचा. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त सेक्रेटरी मेसेज टाकू शकायचा आणि तो मॅचच्या आधीचा फोटो टाकायचा, अकरा जण छाती काढून उभे असलेला. नंतरचा फोटो त्याने कधी टाकला नाही. ऐकणारी माणसं माझ्या आवाजावरून काय ते समजत होती, आणि माझ्या आवाजावरून आम्ही दर रविवारी जिंकत होतो.

तीन मॅच झाल्या आणि एका दुपारी गोलरक्षक शाळेत आला. छत्तीस-सदतीस वर्षांचा माणूस, हाताला कायम वार्निशचा वास. वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, “सर, आमचे अण्णा बोलायला लागले.”

त्याच्या घरची गोष्ट गल्लीला ठाऊक होती. अण्णा म्हणजे त्याचे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी मुलगा हाफ चड्डीवर चौकातून मैदानाकडे जाताना त्यांना दिसला. बरोबर त्यांचे जुने कंडक्टर होते, ते हसले. लेकरांचा बाप असून असं फिरतो म्हणून अण्णांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. एका घरात राहायचे, एकाच ओट्यावर चहा प्यायचे, पण निरोप सुनेमार्फत. “त्याला म्हणावं, नळाला पाणी आलंय.” आणि ‘तो’ दोन हातांवर बसलेला. सून बिचारी इमानदारीने मान वळवून सांगायची, अहो, नळाला पाणी आलंय म्हणे. तोही तिलाच सांगायचा, त्यांना म्हणावं, मोटार लावली.

आता माझं समालोचन त्या ओट्यावर ऐकू जात होतं. तिसऱ्या रविवारी तो घरी आला तर अण्णांनी सुनेकडे न बघता विचारलं, “लई उड्या मारल्यास म्हनं आज. पाठ दुखून राहिली का?” तीन वर्षांनी. तो नुसता ‘हाव’ म्हणाला, म्हणजे हो. मग अण्णांनी आतून मलम आणून त्याच्यापुढे ठेवलं.

“सर,” तो म्हणाला, “तुम्ही असंच बोलत राहा. स्कोअर तेवढा सांगू नका.”

त्या दिवसापासून माझी जबाबदारी वाढली. आधी मी सवयीने गोड बोलत होतो, आता कामगिरीवर असल्यासारखा बोलू लागलो. गोल बसला की म्हणायचो, “गोलरक्षकाने चेंडूचा शेवटपर्यंत पाठलाग केलेला आहे.” तो जाळीतून चेंडू काढायला वाकला की, “पुन्हा एकदा चेंडू आपल्या गोलरक्षकाच्या सुरक्षित हातात!” शेळीवाले एकमेकांकडे बघायचे, पण बोलायचे नाहीत. बाहेरगावच्या मॅचला कर्णे नसायचे, तिथे तो स्वतः निभावून न्यायचा. किनवटला सहा गोल खाऊन आलो तेव्हा अण्णांनी विचारलं, कसं झालं. त्याने सांगितलं, जंगल लई छान हाय. आणि ते खरंच आहे.

अधूनमधून आम्ही एखादी मॅच चुकून जिंकायचोही. त्यामुळे शेवटच्या रविवारी परिस्थिती अशी आली की नांदेडच्या संघाशी नुसती बरोबरी केली तरी आम्ही वाचत होतो. हरलो तर खाली. आणि खालच्या गटाच्या सगळ्या मॅच नांदेडलाच होतात. म्हणजे गावात मॅच नाही, कर्णे नाहीत, ओट्यावर ऐकू येणारं काही नाही. गोलरक्षकाचा जीव तिथे अडकला होता. मला म्हणाला, खाली गेलो तर आमच्या घरात परत नळाच्या गप्पा सुरू होतील. हसत म्हणाला, पण हसणं काही खरं नव्हतं.

गाव गोळा करावं म्हणून आठवडाभर मी रिक्षावर भोंगा लावून फिरलो. “निर्णायक सामना! इतिहास घडणार आहे! हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा!” यातलं कुठलंही वाक्य खोटं नव्हतं. फक्त कुठला इतिहास ते मी म्हणालो नव्हतो. हंगामभर जिंकलेला संघ शेवटची मॅच खेळतो म्हणजे काय, हे गावाने आपलं आपण ठरवलं.

रविवारी मी मैदानावर आलो आणि प्रवेशद्वारातच थांबलो. हलगीवाले आले होते. गुलालाची पोती आली होती. प्रवेशद्वारावर बॅनर लागला होता, ‘चॅम्पियन संघाचे हार्दिक अभिनंदन’, त्यावर एका भावी नगरसेवकाचा फोटो दारावरच्या पडद्याएवढा आणि खाली आमच्या अकरा जणांचे पासपोर्ट साइज. एका गोलमागे जेसीबी उभा होता, त्याच्या बकेटमध्ये झेंडूची फुलं गच्च. आणि पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्याला फेटा बांधून अण्णा. आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघायला आलेले. गोलरक्षकाने त्यांना पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी माइक तपासायच्या निमित्ताने मान खाली घातली.

मॅच सुरू झाली आणि नवल म्हणजे पोरं खरोखर चांगली खेळायला लागली. इतकी माणसं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. नांदेडचा संघ या गर्दीने बावरला. पहिल्या अर्ध्या तासात आमच्या गोलरक्षकाने दोन चेंडू अडवले, खरेखुरे अडवले, आणि माझी पंचाईत झाली. सगळी विशेषणं मी आधीच गोल खाताना वापरून टाकली होती. मी नुसता, “अडवला, अडवला हो,” असं म्हणालो.

मध्यंतराला पाच मिनिटं उरली असताना सलूनवाल्याने मारलेला चेंडू नांदेडच्या गोलच्या खांबाला लागून परत आला. गावाला वाटलं, चेंडू लागला म्हणजे गोल झाला. हलगी सुरू झाली. जेसीबीवाला ज्या गोलमागे उभा होता तो हाच. तो खुणेचीच वाट बघत होता. त्याने बकेट उचलली आणि सगळा झेंडू नांदेडच्या गोलरक्षकाच्या अंगावर ओतला. माणूस गळ्यापर्यंत फुलांत. रेफरीने शिट्टी वाजवली, खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि परत ठेवलं. मग खराटे आणून दहा मिनिटं झाडझूड झाली. फुलं गेली, पण तुडवल्या पाकळ्यांचा लगदा गोलसमोर तसाच राहिला. मी माइकवरून जेसीबीवाल्याचे आभार मानले.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात. हे मला ठाऊक होतं, रेफरीला ठाऊक होतं, पण तेव्हा त्याचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. आमचा गोलरक्षक आता झेंडूवर उभा होता.

चाळीस मिनिटं त्याने ते गोल राखलं. खरं सांगतो, मी त्या दिवशी समालोचन विसरलो होतो. शून्य-शून्य. शेवटचं मिनिट राहिलं आणि नांदेडच्या एका खेळाडूने दमून, कंटाळून लांबून एक चेंडू ढकलला. मारला नाही, ढकलला. घरंगळत येत होता. एखाद्या पोराने पायाने थांबवला असता. गोलरक्षक दोन पावलं डावीकडे सरकला, त्याचा पाय पाकळ्यांवरून गेला आणि तो सपशेल उताणा पडला. चेंडू त्याच्या कानाजवळून हळूहळू आत गेला. गोलची आणि मॅच संपल्याची शिट्टी एकदमच झाली.

हातात गुलाल घेतलेली माणसं माझ्याकडे बघत होती, कारण काय झालं ते त्यांना मीच सांगायचो. गोलरक्षक उठला नव्हता. अण्णा खुर्चीतून उभे राहिले होते. मी तोंड उघडलं, ‘अतिशय’ एवढा शब्द निघाला आणि पुढे काही येईना. सगळ्या हंगामाची लाज मला त्या एका क्षणी वाटली.

मग मी म्हणालो, “गोल झालेला आहे. आपण एक-शून्यने हरलो आहोत. आपला संघ या गटात शेवटचा आला आहे आणि पुढच्या वर्षी तो खालच्या गटात खेळेल.” आणि सवयीने, “धन्यवाद.”

हलगीवाल्याने विचारलं, मग वाजवू का नको. कोणीतरी म्हणालं, नारळ फोडून ठेवलेत, हार आणलेत, ते काय परत न्यायचे का. चर्चा झाली आणि गावाने नांदेडच्या संघाचा सत्कार करायचं ठरवलं. पाहुणे आहेत, जिंकलेत, आणि एकाला तर फुलं आधीच मिळालीत. मीच सूत्रसंचालन केलं. नांदेडची मुलं गुलालात न्हाऊन, हलगीवर नाचून गेली. आमच्या गावाइतकं प्रेम कुठेच मिळालं नाही, असं त्यांचा कप्तान म्हणाला आणि भावी नगरसेवकाने टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर अण्णा माझ्या टेबलाशी आले. फेटा सोडून त्यांनी खांद्यावर टाकला होता. मला वाटलं, आता हे मला खोटारडा म्हणणार, आणि म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

“गुरुजी, किती मॅच हरले हो?”

मी आकडा सांगितला. आजची धरून.

अण्णांनी गोलकडे पाहिलं. मुलगा अजून खांबाला टेकून बसला होता. मग म्हणाले, “तुम्ही लई गोड बोलता. पोरगं जिंकून राहिलंय म्हनून मी घरी बसलो. त्याला काय गरज हाय माझी, म्हटलं. मार खाऊन राहिलंय म्हनून सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी येऊन बसलो असतो.”

एवढं बोलून ते मैदान ओलांडून गेले आणि गुडघ्यावर हात देत, हळूहळू, त्याच्या शेजारी मातीत बसले. मी माइकची वायर गुंडाळत राहिलो. तिकडे बघायचं धाडस मला बराच वेळ झालं नाही.