धामणीच्या पाठीला अंबाडी

घाटंजीपासून दोन कोसांवरच्या वस्तीत मी सून म्हणून आले, त्याच्या पुढल्याच वर्षी, छप्पनच्या दसऱ्याला, सासरे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पायातली धूळही झटकली नव्हती आणि त्यांनी दारातूनच सांगितलं, "आजपासून मेलेलं ढोर आपन ओढनार नाई. त्याचं कातडं, शिंग, तात, काहीच या घरात येनार नाई." सासूबाई "बरं" म्हणाल्या. मी मात्र मनातल्या मनात उडीच मारली. नवी नवरी असल्यापासून मला त्या वासाचा वीट आला होता.

पंधरा दिवसांनी मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात धनुष्यासाठी धामणीच्या झाडाची काठी तासायला बसले आणि मध्येच थांबले. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "पाठीले काय लावू?"

धनुष्य वाकलं की त्याची बाहेरची बाजू ताणते आणि लाकूड फाटतं ते तिथूनच. म्हणून त्या बाजूला, पाठीला, काहीतरी घट्ट बसवावं लागतं. मामाजी आयुष्यभर मेलेल्या बैलाच्या पायाची तात, म्हणजे शिरेचे चिवट धागे, बसवत आले होते. ओली तात लावली की वाळताना ती आपोआप लाकडाला आवळून बसायची. तसं एक धनुष्य खुंटीला टांगलेलं होतं, त्यांच्या हातचं सगळ्यात देखणं. घरात तात येणार नाही म्हटल्यावर खरं तर तेही जायला हवं होतं. पण त्याबद्दल ते बोलत नव्हते आणि कधी नव्हे ती मीही गप्प बसले.

जवळच्या पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरचा, एक म्हातारा मामाजींचा लहानपणापासूनचा दोस्त. तो बांबूचं धनुष्य करायचा. दरवर्षी ज्वारी निघाली की दोघं आपापलं नवं धनुष्य घेऊन खळ्यावर यायचे आणि ते अदलाबदल करून वीस वेळा कानापर्यंत ओढायचे. ज्याचं मोडेल त्यानं दुसऱ्याला वर्षभर 'मास्तर' म्हणायचं. त्या साली हा म्हातारा मामाजींना मास्तर म्हणत होता आणि त्याला ते भारी झोंबत होतं.

त्याला बातमी लागलीच. येऊन म्हणाला, "मास्तर, तातेबिगर तुमचं लाकूड कडकन मोडते पाहा."

मामाजी तडकले. "मोडलं तर मी धनुष्य करनं सोडलं समज. पन तात आनत नाई."

झालं! चेष्टेतली गोष्ट शपथेवर गेली. सासरी माझं मनच मुळी या माणसाची बोटं बघत रमलं होतं. नवरा राजूरच्या खाणीत, पंधरा दिवसांतून एकदा घरी. संध्याकाळी मामाजींच्या हातातल्या काठीला आकार येताना बघणं एवढीच माझी करमणूक. ते सोडणार म्हटल्यावर मीही पदर खोचून त्यांच्याशेजारी बसले.

पहिल्यांदा आम्ही जुन्या धोतराची पट्टी चिंचोक्याच्या खळीनं चिकटवली. कापड ताणत गेलं आणि त्याच्या आत लाकूड निवांत फाटलं. मग बांबूची कांब दोरीनं बांधली. ती सुटली आणि मामाजींच्या नाकाला सणसणीत बसली. सासूबाई इतक्या हसल्या की भाकरी करपली.

तिसऱ्या दिवशी मी धनुष्याच्या दोरीकडे बघत बसले होते. दोरी पहिल्यापासून अंबाडीची, मीच वळलेली. ती कधी तुटत नव्हती. मी म्हटलं, "मामाजी, समोर जे एवढा ताण सोसते, ते पाठीले काहून नाई चालनार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता काही खरं नाही. मग म्हणाले, "आन."

मी अंबाडीचे धागे माझ्याच फणीनं विंचरले, केसांसारखे मऊ केले. चिकटवायला काही जबर हवं होतं. घाटंजीच्या बाजारात सुतार जो सरस घेतात तो मी घेऊन आले. गुळाच्या ढेपेचे तुकडे पडावेत तसा तो दिसायचा. कुठल्या तरी झाडाचा चीक असेल, असं मी खुशाल धरून चालले. चुलीवर वितळवताना वास आला तोही मी मनावर घेतला नाही; धागे त्यात भिजवले आणि धामणीच्या पाठीवर बसवायला लागले. तेवढ्यात मामाजी शेतातून आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"हा वास कायचा?"

"सरसाचा."

"पोरी, या वासात माही सारी जवानी गेली. हे कातडंच हाय, उकळलेलं."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तात नको म्हणून इतका खटाटोप केला आणि मीच कातडं पुडीत बांधून चुलीपर्यंत आणलं! मी रडायला लागले. मामाजी आधी चिडले, मग माझ्या सरसानं बरबटलेल्या हातांकडे बघून त्यांना हसू फुटलं. दोघांनी मिळून ती पाठ खरवडून काढली. मडकं सासूबाईंनी उकिरड्यावर फेकलं आणि माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

ज्वारी निघाली. खळ्यावरच्या पैजेला चार दिवस उरले. तेव्हा कोलाम म्हाताराच पानात बांधलेला धावड्याचा डिंक घेऊन आला. "झाडाचा हाय, मी सोता काढला. पन मोडलं तर माह्या डिंकाले नाव ठेवू नका, मास्तर." एवढी गंमत पैजेतल्या वैऱ्याच्या मदतीत असते हे मला तेव्हा कळलं. त्याच डिंकानं आम्ही धागे पाठीवर बसवले.

खळ्यावर अर्धी वस्ती जमली. म्हाताऱ्यानं आमचं धनुष्य ओढायला सुरुवात केली. सातव्यांदा करकर आवाज आला आणि मी डोळे मिटले. पण करकरत होती ती धनुष्याची मूठ, पाठ नाही. सोळा, सतरा, अठरा. विसाव्यांदा दोरी सोडून त्यानं पाठीवरून अंगठा फिरवला. एकही धागा उठला नव्हता. त्याचं बांबूचं धनुष्यही मोडलं नाही, म्हणून यंदा मास्तर कुणी नाही असं ठरलं. तरी जाताना तो म्हणालाच, "येतो, मास्तर."

मला वाटलं, मामाजी आता वस्तीभर मिरवतील. ते सरळ घरी गेले. मी मागोमाग पोचले तर खुंटी रिकामी होती. जुनं धनुष्य त्यांनी पाण्याच्या डोणीत भिजत घातलं होतं. तात सुटायला दोन दिवस लागले. पाठ उघडी झाल्यावर तिच्यावरून त्यांनी एकदाच हात फिरवला, मग ते धनुष्य माझ्या मांडीवर ठेवलं.

म्हणाले, "फनी घे. याले बी तूच लाव."