चंपाषष्ठीची वांगी

सुभेदारांच्या तोंडून 'हरलो' हा शब्द कधी निघाला नाही. पत्त्यांचा डाव गेला तरी मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "हारलो न्हाई, मोर्चा बदललाय." रहिमतपुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून आणि परस दोघांत मिळून एक. फौजेतून निवृत्त झालेले ते आणि शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेला मी, अशा दोघांनी त्या परसात भाजीपाला करायचं ठरवलं. काळ्या मातीचे गुणधर्म मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. हाताला माती लागली ती मात्र साठीनंतर.

सुभेदारांची इच्छा एकच होती. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, त्यातलं वांगं विकतचं नको. "नोकरीपायी सणाला कवा घरी न्हवतो, गुरुजी," ते म्हणाले. "आता एकडाव तरी देवाला आपल्या हातचं घालायचं हाय." हे बोलताना त्यांनी मिशीला हात लावला नाही, म्हणून मी ते गंभीरपणे घेतलं.

मृग लागताच आम्ही रोपं लावली आणि वांगी लागली, झाडं वाकेपर्यंत लागली. पण लागली श्रावणात! आमच्या दोन्ही घरांत आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य. ही गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात पहिली पाटी भरल्यावर आली. वाटायला निघालो, तर सगळी आळी खंडोबाचीच. शेवटी वांगी शेजारच्या म्हशीपुढं टाकली. तिनंही तोंड फिरवलं. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत झाडं थकली, उरल्यासुरल्या फळांत अळी शिरली आणि नैवेद्याला बाजारातलंच वांगं आलं. त्या दिवशी तळी भरताना सुभेदारांचा 'येळकोट' नेहमीसारखा घुमला नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते काठ्या आणि सुतळी घेऊन परसात हजर. आता चंपाषष्ठीपासून उलटं मोजत यायचं, श्रावणात बी टाकायचं, भाद्रपदात रोपं लावायची. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून विद्वान झालो होतो. एक वाफा ब्रोकोलीचा करावा, असं सुचवलं.

"देवाला त्येचं भरीत दावायचं व्हय?" सुभेदार म्हणाले. ठराव तिथंच बारगळला.

मग सुतळी ताणून ओळी सरळ करण्यात त्यांची सकाळ गेली. वहिनी चहा घेऊन आल्या आणि बघत राहिल्या. "आवं, रोपांस्नी जगवायचं हाय का कवायत शिकवायची हाय?"

श्रावणात टाकलेलं बी उगवलं, रोपं वितीएवढी झाली आणि सुभेदारांच्या छातीत कळ आली. मिरजेच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर नाकात नळी असताना पहिला प्रश्न, "रोपं लावली का?"

"तुमची वाट बघतोय," मी म्हणालो. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

ते असे तापले की नर्स धावत आली. "माझी वाट कशापायी? देव थांबनार हाय व्हय माझ्यासाठनं? उद्याच्या उद्या लावा!"

मी दुसऱ्या दिवशी लावली. सुतळी ताणूनही ओळ वाकडी आली, कशी ते मला अजून कळलेलं नाही. ती दाखवून शिव्या खायची माझी तयारी होती. सुभेदार घरी आलेच नाहीत.

वांगी मात्र वेळेवर आली, चंपाषष्ठीच्या आठवड्यात, टवटवीत आणि बिनअळीची. मी पाटी घेऊन वहिनींकडं गेलो. उंबऱ्यापाशी पोचल्यावर लक्षात आलं की त्यांच्या घरात यंदा सण नाही. वर्षश्राद्धापर्यंत नैवेद्य नाही, तळी नाही. पंचांग बघून लावलेली वांगी घेऊन मी पुन्हा चुकीच्या दारात उभा होतो.

वहिनींनी पाटीतलं एक वांगं उचललं, देठापासून बुडापर्यंत फिरवून बघितलं आणि परत ठेवलं. "तुमच्या घरनं दावा, गुरुजी. त्येंचं नाव घ्या म्हंजी झालं."

आम्ही दाखवला. बायकोनं भरीत केलं, मी तळी उचलली. 'येळकोट' म्हणताना माझा आवाज फाटला, पण नाव नीट घेतलं.

प्रसादाचा रोडगा वहिनींना नेऊन दिला. त्यांनी तो कपाळाला लावला, भरिताशी एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत बसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "फुडल्या साली निवद आमच्या घरनं. रोपं कमी पडू देऊ नगा."

मी "व्हय" म्हणालो.